सातबाऱ्याखालून जाणारं तेल

दसरा झाला की बीड जिल्ह्यातले रस्ते ट्रॅक्टरांनी भरू लागतात. गेवराई, वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, जिकडे पाहावं तिकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चुलीसाठी सरपण, कोयते, एखादी शेळी आणि या साऱ्यात कशीबशी बसलेली लेकरं. मुकादमाची उचल कधीच खर्चून झालेली असते. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट कर्नाटकात. कारखाना कुठलाही असो, ट्रॅक्टर पहिल्यांदा थांबतो तो डिझेल पंपावर.

हे डिझेल येतं कुठून, असं कुणाला विचारलं तर उत्तर मिळतं, 'टँकरनं'. उत्तर खरंच आहे. जिल्ह्यात तेलाची विहीर नाही, शुद्धीकरण कारखाना नाही. परळीला रेल्वे जुनी असली तरी बीड शहरात पहिली प्रवासी गाडी धावली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तोवर सगळी भिस्त रस्त्यावरच होती आणि इंधनाच्या बाबतीत आजही आहे. पण टँकर ही या प्रवासाची फक्त शेवटची पायरी. त्याच्या मागे शेकडो किलोमीटर लांबीच्या पोलादी वाहिन्या आहेत, काही शेतांखालून गेलेल्या, काही समुद्राच्या तळावर अंथरलेल्या. त्या कुणाच्या मालकीच्या, चालवतं कोण, त्यांच्यावरची जमीन कुणाची आणि पैसा कुणाकडे जातो, हे प्रश्न बीडसारख्या जिल्ह्यात क्वचितच विचारले जातात. ते विचारायला हवेत. आज ना उद्या अशी एखादी वाहिनी इथल्या गटनंबरांतूनही जाऊ शकते.

जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत या साखळीची थोडीफार जाणीव सगळ्यांनाच झाली. भारतीय न्याय संहितेतल्या अपघाताबद्दलच्या कडक शिक्षेविरुद्ध देशभरातल्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांच्या आगारांतून टँकर बाहेर पडेनात आणि मराठवाड्यातल्या पंपांवर बाटल्या, कॅन, दुचाक्या घेऊन रांगा लागल्या. २ जानेवारीच्या रात्री तोडगा निघाला. या दोन दिवसांत वाहिन्या बंद पडल्या नव्हत्या. आगाराचं फाटक बंद होतं, तेवढ्यानं पंप कोरडे पडले.

पानेवाडीपर्यंत तेल येतं ते भारत पेट्रोलियमच्या मुंबई-मनमाड वाहिनीतून. माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेली ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाहिनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. पुढे ती इंदूरजवळच्या मांगल्यापर्यंत आणि तिथून दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत वाढवली गेली. दुसरी वाहिनी हिंदुस्थान पेट्रोलियमची. ती मुंबईहून पुण्याजवळच्या लोणीला आणि पुढे सोलापूरजवळच्या पाकणीला जाते. या दोन्ही तयार मालाच्या वाहिन्या आहेत. एकाच नळीतून आधी डिझेल, मग पेट्रोल, मग रॉकेल असे माल एकामागोमाग एक ढकलले जातात. दोन मालांच्या सीमेवर थोडं मिश्रण होतं, ते शेवटच्या ठिकाणी वेगळं काढून घेतात. कोणता माल कोणत्या क्षणी कुठे पोचला आहे याचा हिशेब नियंत्रण कक्षात पडद्यावर सतत चालू असतो.

कच्च्या तेलाची वाहिनी मात्र वेगळी, आणि महाराष्ट्रातली सर्वांत महत्त्वाची कच्च्या तेलाची वाहिनी जमिनीवर दिसतच नाही.

मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, सुमारे १६० किलोमीटरवर, 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या, समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगनं फेब्रुवारी १९७४मध्ये तेल शोधलं. त्याआधी साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीनं तिथल्या समुद्रतळाचं भूकंपीय सर्वेक्षण झालं होतं. २१ मे १९७६ला बॉम्बे हायचं, म्हणजे आताच्या मुंबई हायचं, उत्पादन सुरू झालं. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव चौपट झाले होते आणि परकीय चलनाची ओढाताण होती. अशा वेळी आपल्याच समुद्रात तेल निघणं ही साधी गोष्ट नव्हती.

सुरुवातीला हे तेल समुद्रातच बोयाला बांधलेल्या टँकर जहाजांत भरून किनाऱ्यावर आणत. जूनमध्ये अरबी समुद्र खवळला की जहाज बोयाला बांधून ठेवणं अवघड. पावसाळ्याचे चार महिने उत्पादन हवामानाच्या मर्जीवर. म्हणून समुद्रतळावरून उरणपर्यंत वाहिनी टाकण्याचं काम हाती घेतलं गेलं. ३० इंच व्यासाची, दोनशे किलोमीटरहून थोडी लांब अशी ही मुंबई हाय-उरण वाहिनी १९७८मध्ये सुरू झाली. तिच्यासोबत वायूची वेगळी वाहिनी आली. समुद्रात टाकायच्या नळीवर बाहेरून काँक्रीटचा थर देतात, नाहीतर रिकामी नळी तरंगू लागेल आणि भरलेली प्रवाहानं हलेल. गंज लागू नये म्हणून नळीला जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तुकडे जोडतात. ते झिजतात आणि पोलाद वाचतं.

मुंबई हायचं तेल हलकं आणि कमी गंधकाचं, म्हणून शुद्धीकरणाला सोयीचं. पण त्यात मेणाचं प्रमाण बरंच आहे. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली ते घट्ट होऊ लागतं आणि समुद्राचं खोल पाणी त्याहून थंड असतं. त्यासाठी तेलात गोठणबिंदू खाली आणणारी रसायनं मिसळतात आणि नळीच्या आतून ठरावीक काळानं एक घासणारं यंत्र सोडतात. तेल-वायू क्षेत्रातले लोक त्याला 'पिग' म्हणतात. तेलाच्याच दाबानं ते पुढे सरकतं आणि भिंतीला चिकटलेलं मेण खरवडून काढतं. 'हुशार' पिग तर वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी नळीची जाडी मोजत जातं. वाहिनी चालवणं म्हणजे नळ सोडून बसणं नव्हे. किती तेल आत गेलं आणि किती बाहेर आलं याचा ताळा अहोरात्र जुळवायचा. तो जुळला नाही की कुठेतरी गळती आहे किंवा चोरी आहे.

उरणला तेलातून वायू आणि पाणी वेगळं होतं. मग काही तेल तुर्भे-माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातं, काही जवाहर द्वीपावरून जहाजांत भरून इतर किनाऱ्यांवरच्या कारखान्यांकडे. बीडच्या पंपावरचा प्रत्येक थेंब मुंबई हायचाच असतो असं समजण्याचं कारण नाही. देशाच्या गरजेचं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल परदेशातून येतं आणि माहूलच्या भट्ट्यांत आखाती तेलही उकळतं. पण या साखळीत आपल्या मालकीची कडी कुठली, असं विचारलं तर बोट मुंबई हायकडेच दाखवावं लागतं.

त्या कडीची किंमत माणसांनी मोजली आहे. २६ जुलै २००५च्या प्रलयानं मुंबई बुडाली होती. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, 'समुद्र सुरक्षा' हे सहायक जहाज एका जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी पोचवायला मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाजवळ आलं. समुद्र खवळलेला होता. जहाज फलाटाला भिडलं आणि समुद्रतळातून वर येणाऱ्या उभ्या नळीला त्याचा धक्का बसला. नळी फुटली, वायू पेटला आणि अवघ्या दोन तासांत अख्खा फलाट समुद्रात कोसळला. ३६२ माणसांना वाचवण्यात यश आलं. २२ जणांचा जीव गेला. अनेक वर्षं खपून उभारलेलं देशाचं तेल उत्पादन एका दुपारी मोठ्या प्रमाणात खाली आलं. नळीच्या जागी, जहाज ज्या बाजूनं लागतं त्या बाजूला, नीट संरक्षण असणं किती मोलाचं असतं हे त्या दिवशी कळलं.

गळतीचे प्रसंगही आहेत. मे १९९३मध्ये मुंबई हायची नळी फुटून तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्याकडे, मुरूडपर्यंत आला. जानेवारी २०११मध्ये उरणला येणाऱ्या मुख्य वाहिनीला समुद्रात गळती लागली. ३ सप्टेंबर २०१९ला उरण प्रकल्पात आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. मासळीवर जगणाऱ्या कोळ्यांच्या दृष्टीनं तेलाचा तवंग म्हणजे जाळं, होडी आणि हंगाम, तिन्हींचं नुकसान. त्याची भरपाई किती मिळते आणि किती वर्षांनी, हा उरण परिसरातला जुना आणि खरा तक्रारीचा विषय आहे.

आता मालकी. मुंबई हाय आणि उरणची वाहिनी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची, म्हणजे ओएनजीसीची. त्या कंपनीत केंद्र सरकारचा वाटा सुमारे ५९ टक्के. माहूलचा एक कारखाना बर्मा-शेलचा होता, तो १९७६मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन भारत पेट्रोलियमकडे आला. दुसरा एस्सोचा, तो १९७४पासून हिंदुस्थान पेट्रोलियमचा झाला. जानेवारी २०१८मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१ टक्के वाटा ओएनजीसीनं ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. त्यामुळे समुद्रातली विहीर आणि पाकणीपर्यंतची नळी एकाच घरात आली. भारत पेट्रोलियम विकण्याचा सरकारचा बेत मात्र २०२२मध्ये गुंडाळला गेला. जानेवारी २०२५मध्ये ओएनजीसीनं मुंबई हायचं घटतं उत्पादन सावरायला ब्रिटिश कंपनी बीपीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा देण्याचं काम दिलं. मोबदला ठरावीक शुल्क आणि वाढीव उत्पन्नातला हिस्सा असा आहे, पण क्षेत्राची मालकी आणि चालवण्याचा अधिकार ओएनजीसीकडेच राहिला.

मालक एक आणि चालवणारा दुसरा, ही व्यवस्था जगात नवी नाही. अलास्कातली उत्तर समुद्रकाठच्या प्रुडो बेपासून दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरापर्यंतची सुमारे १,३०० किलोमीटरची वाहिनी १९७७मध्ये सुरू झाली. ती अनेक तेल कंपन्यांच्या सामायिक मालकीची आहे आणि चालवते अल्येस्का नावाची वेगळी कंपनी. बीपीनं २०२०मध्ये आपला हिस्सा हिलकॉर्पला विकला, तरी वाहिनी चालवणारे हात तेच राहिले. तिथली दुसरी गोष्ट बीडकरांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. तेलाच्या रॉयल्टीतला किमान चौथा भाग कायमस्वरूपी निधीत टाकायचा, असं अलास्काच्या लोकांनी १९७६मध्ये आपल्या राज्यघटनेतच लिहून घेतलं आणि १९८२पासून त्या निधीच्या परताव्यातून राज्यातल्या प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी पैसे मिळू लागले.

महाराष्ट्राला काय मिळतं? जमिनीवर निघणाऱ्या तेलाची रॉयल्टी राज्याला जाते, म्हणून गुजरात, आसाम, राजस्थान यांच्या तिजोरीत त्याची भर पडते. समुद्रातलं तेल मात्र राज्यघटनेच्या २९७व्या कलमानुसार केंद्राचं. त्यामुळे मुंबईचं नाव लावणाऱ्या तेलक्षेत्रातून महाराष्ट्राला रॉयल्टीचा रुपयाही मिळत नाही. राज्याच्या हाती उरतो पंपावरचा मूल्यवर्धित कर. तो भरतो कोण, तर ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टरवाला, आणि त्याच रांगेत उभा राहिलेला दुधाचा टेम्पोवाला. घटनेची मांडणी बदलणं एका लेखाचं काम नाही, पण राज्यकर्त्यांनी केंद्राशी बोलताना हा हिशेब टेबलावर ठेवायलाच हवा.

या साऱ्या हिशेबात सर्वांत कमी बोललं जातं ते जमिनीच्या मालकाबद्दल.

बीडच्या शेतकऱ्याला पाइपलाइन नवी नाही. गोदावरीच्या पाण्यावरून, माजलगावच्या बॅकवॉटरमधून, स्वतःच्या विहिरीवरून दोन-तीन किलोमीटर पाइप टाकून पाणी आणलेली शेतं गावोगाव आहेत. पाइप दुसऱ्याच्या बांधातून न्यायचा म्हटलं की संमती लागते, स्टॅम्पपेपर लागतो, आणि कधी भाऊकी मध्ये येते. संमती मिळाली नाही तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ४९वं कलम आहे. तहसीलदार शेजाऱ्याच्या जमिनीतून पाण्याची वाट मंजूर करू शकतो आणि त्याबदल्यात नुकसानभरपाईसोबत वार्षिक भाडंही ठरवून देतो. रक्कम दर दहा मीटरला काही पैसे इतकी किरकोळ असली, तरी तत्त्व स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या जमिनीतून कायमची वाट हवी असेल तर दरवर्षी काहीतरी द्यावं.

तेलवाहिनीच्या कायद्यात हे तत्त्व नाही. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्या (जमिनीतील वापरहक्क संपादन) कायदा १९६२चा. त्यानुसार जमीन संपादित होत नाही, तिच्याखालचा वापराचा हक्क घेतला जातो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. आधी सरकारी राजपत्रात अधिसूचना निघते, मग २१ दिवसांत हरकत घेता येते, मग घोषणा होते आणि वापरहक्क केंद्राकडे किंवा थेट कंपनीकडे जातो. वाहिनी गाडल्यावर शेतकरी पूर्वीसारखी पेरणी करू शकतो. पण त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. कामाच्या वेळी पिकाचं जे नुकसान होईल ते वेगळं मिळतं आणि कायमच्या निर्बंधांसाठी त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम, एकदाच. ही दहा टक्के रक्कम अगदीच नाममात्र नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं २०१६मध्ये कायदा वैध ठरवला. भरपाई ठरवणारा अधिकारी न्यायालयीन अनुभवाचा किंवा कायद्याचं शिक्षण असलेला असावा, असंही त्याच निकालात सांगितलं.

बीडच्या जमिनीवर हा हिशेब मांडून पाहू. वापरहक्काचा पट्टा १८ मीटर रुंद धरला आणि तो एखाद्याच्या शेतातून शंभर मीटर गेला, तर १,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास १८ गुंठे अडकतात. उदाहरणादाखल एकरी दहा लाखांचा भाव धरला, तर त्या पट्ट्याची किंमत साडेचार लाख आणि एकरकमी मोबदला ४५ हजार रुपये. दोन-अडीच एकरांच्या मालकासाठी १८ गुंठ्यांत विहीर न खोदता येणं आणि फळझाड न लावता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतल्या सीताफळाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धारूर, आष्टी, पाटोद्याच्या मुरमाड जमिनीत ज्वारीपेक्षा हे झाडच शेतकऱ्याला तारतं. दुष्काळी वर्षात शेततळं हा शेवटचा आधार असतो. पट्ट्यावर सगळ्यांत आधी बंदी येते ती नेमकी या दोन गोष्टींवर.

वाहिनी फोडून चोरी करणाऱ्यांसाठी २०११च्या दुरुस्तीनं कायदा फार कडक केला, आणि तो असायलाच हवा. त्याच वर्षी, २५ जानेवारीला, मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे पानेवाडीजवळ इंधनातली भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. इंधनाच्या वाटेवर किती पैसा आणि किती हिंसा साचलेली असते, ते त्या दिवशी महाराष्ट्रानं पाहिलं. बीडलाही याचा अनुभव आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ला हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हे घडल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं असून खटला न्यायालयात आहे. मोठा प्रकल्प गावात आला की आधी गावाला बोलतं करावं लागतं, कागद उघडे ठेवावे लागतात, आणि हक्काचे पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावे लागतात. तसं झालं नाही तर मधल्या माणसांना मोकळं रान मिळतं.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. वापरहक्काच्या मोबदल्याला वार्षिक भाड्याची जोड द्यायला हवी आणि ते भाडं त्या वाहिनीतून होणाऱ्या वाहतुकीच्या उत्पन्नाशी बांधायला हवं. साठ वर्षांपूर्वीचा दहा टक्क्यांचा नियम एकरकमी रक्कम देऊन पिढ्यान्‌पिढ्यांचा निर्बंध विकत घेतो. नळीतून तेल वाहतं तोवर कंपनी कमावते, मग ज्याच्या शेतातून ती जाते त्यालाही तोवर काही मिळालं पाहिजे. महसूल संहितेनं पाण्याच्या पाइपाला हे तत्त्व लागू केलं आहे. तेलाच्या पाइपाला ते लागू करायला केंद्रानं कायदा दुरुस्त करावा आणि राज्यानं त्याचा आग्रह धरावा.

तोवर शेतकऱ्यानं काय करावं, तेही सांगायला हवं. गावाजवळ कोणी मोजणीच्या खुणा रोवत असेल, पिवळे खांब दिसत असतील, तर तलाठ्याकडे जाऊन राजपत्रातली अधिसूचना आणि आपला गटनंबर पाहावा. हरकतीचे २१ दिवस अधिसूचनेच्या तारखेपासून मोजले जातात, घरी नोटीस पोचल्याच्या तारखेपासून मोजले जातील असं गृहीत धरू नये. मोबदला मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. आणि सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात काय नोंद झाली, हे प्रत्येक हंगामात एकदा वाचून घ्यावं.

अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, आष्टीतल्या ग्रामपंचायतींनी हा कायदा आत्ताच, वाहिनी येण्याच्या आधी, एका ग्रामसभेत मोठ्यानं वाचावा.